खोट्या आवाजाचा खरा करिअर

'अगं, पण तू नक्की करतेस काय?' हा प्रश्न फ्रीलान्सरला प्रत्येक लग्नात एकदा तरी ऐकावाच लागतो. अठ्ठावीस वर्षं झाली, अजून एका ओळीत उत्तर देता येत नाही. म्हणून हल्ली मी सरळ शाविए साबाताची गोष्ट सांगते.

साबाता स्पॅनिश ऑपेरा सिंगर. कॅटलोनियातल्या अव्या गावचा, जन्म १९७६चा. आवाज काउंटरटेनर, म्हणजे हा चांगला दाढीवाला बाप्या बायकांच्या पट्टीत गातो! आपल्याकडे गाण्याच्या क्लासात ज्याला 'खोटा आवाज' म्हणून दटावतात, त्या फॉल्सेटोवरच या लोकांची रोजीरोटी. त्यात स्वरतंतूंच्या फक्त पातळ कडा कंप पावतात. आणि अशा तलम आवाजाने ऑर्केस्ट्रा ओलांडून, माइकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. सोपं नाही बॉस.

गंमत म्हणजे हा माणूस आधी सॅक्सोफोन शिकला. मग बार्सिलोनाच्या इन्स्तितुत देल तेआत्रेमध्ये अ‍ॅक्टिंग. गाणं त्यानंतर, तिथल्याच २००१ साली सुरू झालेल्या संगीत महाविद्यालयात. म्हणजे पठ्ठ्या तेव्हा किमान पंचविशीचा! पुढे जर्मनीत कार्ल्सरूहला. असा सीव्ही आपल्याकडच्या एचआरवाल्यांनी 'फोकस नाही' म्हणून परत केला असता. विल्यम क्रिस्टी यांनी मात्र २००५ साली त्याला तरुण गायकांच्या आपल्या अकादमीत घेतलं आणि युरोपातली ऑपेरा हाउसेस खुली झाली.

ते अ‍ॅक्टिंग वाया गेलं का? त्याचा २०१३चा 'बॅड गाइज' ऐका. सगळ्या आरिया हँडलच्या ऑपेरांतल्या खलनायकांच्या. १८व्या शतकात असल्या उंच पट्टीतल्या पुरुष भूमिका बहुतेकदा कास्त्राती गायचे, म्हणजे लहानपणीच खच्ची केलेले गायक. काही वेळा बायकाही. क्लिओपात्राचा नीच भाऊ टोलोमेओ घ्या, किंवा 'आरिओदान्ते'मधला (१७३५) पोलिनेसो. साबातापेक्षा चकचकीत आवाजाचे काउंटरटेनर आहेत, हे मान्य. पण इतका हलकटपणा इतक्या गोड गळ्यातून काढायला नटच लागतो. पोलिनेसो आधी राजकन्येवर खोटा आळ आणतो आणि मग तिच्याच अब्रूसाठी तलवार घेऊन पुढे होतो. साबाता तो गातो तेव्हा, सगळं ठाऊक असूनही, क्षणभर मी त्या बदमाशाच्याच पार्टीत असते.