गाळाची जबानी

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरच्या दऱ्यांतून उतरते आणि महाडला गांधारीला सोबत घेऊन बाणकोटच्या खाडीकडे निघते. डोंगरातून आलेली माती दासगावच्या आसपास, भरतीचे पाणी जेथे तिची वाट अडवते, तेथल्या पाणथळीत विसावते. 22 जुलै 2021 रोजी महाड बुडाले. त्याच दिवशी तळिये येथे आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. घरातला चिखल फावड्याने उपसताना आमच्या मनात आले : आम्ही आमचा गाळ धुऊन टाकतो आहोत; खाडी मात्र आपला जपून ठेवत असेल.

तो पाहण्यास फार खर्च लागत नाही. आम्ही पीव्हीसीच्या दोन इंची नळीचा मीटरभर तुकडा घेतला आणि त्याची खालची कड कानशीने धारदार केली. सावित्रीत मगरींचा वावर असल्याने पात्रापासून दूरची जागा निवडली आणि ओहोटीची वेळ साधली. सोबत दासगावचे एक वृद्ध काका होते. जुलै 2005 मध्ये त्यांच्या गावावर दरड कोसळली, तीत त्यांची माणसे गेली.

नळीवर फळी ठेवून ती हळूहळू ठोकली. नळी 70 सें.मी. आत गेली, पण आतला मातीचा गाभा भरला 58 सें.मी. मऊ चिखल ठोकताना दबतो. म्हणून नळी उपसण्यापूर्वीच आतले व बाहेरचे, अशी दोन्ही मापे वहीत नोंदवावी लागतात. नाहीतर पुढील सारा हिशेब चुकतो. मग नळीत काठोकाठ पाणी भरून तोंडाला घट्ट बूच बसवले. वरून हवा शिरेना, त्यामुळे ओढताना माती खाली निसटली नाही.

घरी नळी उभी चिरली. वर काळसर चिखल, त्यात मुळांचे तंतू आणि मधोमध दोन बोटे जाडीचा तांबूस, रवाळ थर.

काकांनी त्यावर बोट टेकवले. "हीच आमची दरड. दोन हजार पाचची."

होकार आमच्या ओठांवर आला होता. पण तसा थर कोणत्याही मोठ्या पुराने सोडलेला असू शकतो. खेकडेही चिखल खालीवर करतात. तोच थर अनेक नळ्यांत सापडला तर खात्री वाढते, आणि वर्ष ठरवायचे तर मातीतले किरणोत्सारी शिसे प्रयोगशाळेत मोजावे लागते. एका शोकाकुल माणसाला बरे वाटावे म्हणून मातीच्या तोंडी आपले शब्द घालणे आम्हांला उचित वाटले नाही. आम्ही लिहिले : "तांबूस थर. वर्ष ठरलेले नाही." आणि काकांना ते वाचून दाखविले.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एका नळीने भागत नसेल, तर आणखी नळ्या कापा. ओहोटी उद्याही आहे."

त्या रात्री आम्ही पाच नळ्यांना धार लावली. कानस काकांच्या हातात होती.