पासष्टला तीन वर्षं कमी

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीच्या एका निवृत्त गुरुजींचा राग अजून शमलेला नाही. लुंबिनीचा विषय निघाला की ते मायादेवी मंदिराबद्दल, अशोकाच्या स्तंभाबद्दल चार वाक्यं बोलतात आणि पाचव्या वाक्याला काठमांडूच्या विमानतळावर पोचतात. तिथून त्यांना हलवणं मग कोणाला जमत नाही.

यात्रा मनात होतीच. विदर्भातल्या बौद्ध घरांत बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी हयातीत एकदा तरी घडावी अशी इच्छा असते. डोंगरगडची प्रज्ञागिरी तर शेजारची, महामार्गावर बस धरली की झालं. बोधगयाही आधी झाली होती. आता लुंबिनी करायची होती. दुर्गहून नौतनव्याला थेट रेल्वे जाते आणि नौतनव्याच्या पुढेच सोनौलीची सीमा. गावातल्याच एका संयोजकाने मंडळी गोळा केली. कागदपत्रांचं कोणी विचारलं की त्याचं एकच उत्तर, "आधार ठेवा जी सोबत, बाकी काही लागत नाही."

सोनौलीला तसंच झालं. सशस्त्र सीमा बलाच्या जवानाने पिशव्यांवर नजर टाकली, हाताने पुढे जायची खूण केली आणि मंडळी चालत कमानीखालून नेपाळात गेली. परदेश आला हे गुरुजींना कळलं ते घड्याळामुळे, कारण नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे असतं. चहावाल्याने शंभराचे 160 नेपाळी रुपये असा हिशेब तोंडपाठ सांगितला. तो दर 1993 पासून तसाच आहे. भारत आणि नेपाळ यांच्यात 31 जुलै 1950 ला मैत्रीचा करार झाला, त्यात एकमेकांच्या नागरिकांना येण्याजाण्याची, राहण्याची मोकळीक दिलेली आहे. व्हिसा नाही, शिक्का नाही. असा परदेश जगात फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

लुंबिनीनंतर बाकीचे परतले. गुरुजी आणि त्यांची पत्नी मात्र काठमांडूला गेले. बाबासाहेब नोव्हेंबर 1956 मध्ये, दीक्षेनंतर महिनाभराने, जागतिक बौद्ध परिषदेसाठी याच शहरात आले होते आणि बुद्ध की कार्ल मार्क्स या विषयावर इथेच बोलले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचं महापरिनिर्वाण झालं. ते शहर पाहायचं गुरुजींच्या मनात कितीतरी वर्षं होतं. परतीची काठमांडू–दिल्ली विमानाची तिकिटं मुलाने काढून दिली. दोघांचाही तो पहिलाच विमानप्रवास होणार होता.

विमान कंपनीच्या काउंटरवरच्या तरुणाने गुरुजींचं मतदार ओळखपत्र पाहिलं, ठीक म्हणाला. बाईंचं आधार पाहिलं आणि परत केलं. हे चालणार नाही.

का चालणार नाही? तर नियम असा : भारत आणि नेपाळ यांच्यात विमानाने जायचं असेल तर भारतीय नागरिकाकडे पासपोर्ट हवा, नाहीतर निवडणूक आयोगाचं ओळखपत्र हवं. ज्यांचं वय 65 च्या वर किंवा 15 च्या खाली आहे, त्यांना तेवढी आधारची सवलत. गुरुजी 68 वर्षांचे. मतदार कार्ड नसतं आणि नुसतं आधार असतं तरी ते गेले असते. बाई 62 वर्षांच्या. म्हणजे पासष्टला तीन वर्षं कमी पडली म्हणून बाईंचा पुरावा बाद. त्यांचं मतदार कार्ड देवरीत, लोखंडी कपाटात.

"काहून जी, मी का दुसऱ्या देशाची आहो?" बाईंनी त्या पोराला विचारलं. त्याला मराठी कळलं नाही. प्रश्न कळला असावा.

गुरुजींना झोंबलं ते इथे. नोकरीत असताना त्यांनी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून काम केलेलं. वाड्यावस्त्यांवर फिरून मतदार याद्या तपासल्या, लोकांना घरपोच कार्डं नेऊन दिली, दर निवडणुकीला मतपेट्यांपासून ईव्हीएमपर्यंत सगळं वाहिलं. आणि त्यांच्याच बायकोला, आपल्या देशात परत जाण्यासाठी, आपण त्या देशाचे आहोत हे सिद्ध करा म्हणून सांगण्यात आलं. येताना कोणी काही विचारलं नव्हतं. अडवलं ते घरी जाताना.

त्याहून संतापजनक गोष्ट त्यांना नंतर कळली. त्याच नियमावलीत कुटुंबासाठी वेगळी सोय आहे. नवरा, बायको, लहान मुलं, आईवडील एकत्र प्रवास करत असतील आणि त्यातल्या एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असेल, तर बाकीच्यांकडे त्याचा आग्रह धरायचा नाही. त्यांच्याकडे फोटो आणि नातं दाखवणारा काहीतरी पुरावा असला की पुरे. बाईंच्या आधारवर त्यांचा फोटो होता, पत्त्यात नवऱ्याचं नाव होतं. नवरा शेजारी उभा होता, त्याच्या हातात निवडणूक आयोगाचं कार्ड होतं. आणखी काय नातं दाखवायचं? पण ही ओळ काउंटरवरच्या मुलाला माहीत नव्हती, त्याच्या वरिष्ठाला माहीत नव्हती, गुरुजींना तर नव्हतीच. नियम करणाऱ्यांनी माणुसकीची सोय करून ठेवायची आणि राबवणाऱ्यांपर्यंत ती पोचूच द्यायची नाही, हे आपल्याकडे नवीन नाही. भारतीय दूतावासातून परतीपुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं, असं कोणीतरी सुचवलं. तोवर विमान सुटलं असतं. सुटलंच.

मग बस. मुगलिंगचा घाट, नारायणगढ, बुटवल, दिवसभर धूळ आणि धक्के. गुरुजींनी एकट्याने विमानाने जावं, असं बाईंनी एकदा सुचवून पाहिलं. त्यांना मिळालेलं उत्तर छापण्यासारखं नाही. सोनौलीला संध्याकाळी बाईंनी आधार हातातच धरून सीमा ओलांडली. जवानाने त्याकडे पाहिलंही नाही.

आता यात नियमाची बाजू नाही असं नाही. शांत असले की गुरुजी स्वतःच ती मांडतात. 24 डिसेंबर 1999 ला इंडियन एअरलाइन्सचं आयसी-814 याच काठमांडूहून सुटलं आणि अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं. त्यानंतर या मार्गावर ओळखपत्र सक्तीचं झालं. आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे 2016 च्या आधार कायद्याच्या कलम 9 मध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे, रहिवासी असलेल्या परदेशी माणसालाही ते मिळतं. "बरोबरच आहे नियम," ते म्हणतात. पण मग पासष्टीनंतर तेच आधार नागरिकत्वाचा पुरावा कसं होतं? वय वाढलं की माणूस जास्त भारतीय होतो? असं म्हणता म्हणता त्यांचा आवाज पुन्हा चढतो आणि बरोबर असलेला नियम दोन मिनिटांत मूर्खपणाचा ठरतो.

परतल्यावर दोघांनी नागपूरला पासपोर्टचा अर्ज केला. 1,500 रुपये फी, साठीच्या पुढच्यांना त्यात 10 टक्के सूट. बाईंचं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी परवानगी लागते असा शिक्का पडेल अशी कोणीतरी भीती घातली होती. पण दहावी न झालेल्यांना लागणारी ती नोंद नोकरीसाठी जाणाऱ्यांची असते आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना लागतच नाही. अडखळले ते जन्मस्थळापाशी. बाईंच्या लहानपणीचे सगळे कागद भंडारा जिल्ह्याचे, कारण गोंदिया जिल्हा झाला 1 मे 1999 ला. गाव तेच, घर तेच, जिल्हा मात्र बदललेला. तेही निभावलं. जन्मदाखला कुठून आणायचा हा प्रश्न होता, पण 1 ऑक्टोबर 2023 च्या आधी जन्मलेल्यांना तो सक्तीचा नाही, जन्मतारखेसाठी दुसरे पुरावे चालतात. आणि बाईंच्या पत्त्याचा पुरावा म्हणून काय चाललं? आधार. काठमांडूत नाकारलेलं तेच कार्ड. देवरी पोलीस ठाण्याची पडताळणी झाली आणि पासपोर्ट घरी आला.

तेव्हा नेपाळला विमानाने जाणार-येणार असाल आणि वय 15 ते 65 च्या मध्ये असेल, तर मूळ मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट घेऊनच निघा. संयोजक काही म्हणो. आणि घरचे सगळे बरोबर असाल तर कुटुंबासाठीचा तो नियम भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावरून छापून खिशात ठेवा. काउंटरवरच्या माणसाला तो माहीत असेलच असं नाही.