पैनगंगेपलीकडचा संगणक

नागपूरहून हैद्राबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ पांढरकवडा आणि पाटणबोरी मागे टाकून पैनगंगेवर येतो, आणि पूल ओलांडताच पाट्यांवरील अक्षरे बदलतात. भूमी मात्र बदलत नाही. तीच काळी जमीन, तीच कापसाची शेते, तेच सागाचे डोंगर. आदिलाबादच्या, म्हणजे जुन्या एदलाबादच्या, बाजारात तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी या चारही भाषा एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकावयास मिळतात. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैद्राबाद राज्यात होता. राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके त्यातून निघून मुंबई राज्यात गेले, उरलेला भाग आंध्र प्रदेशात राहिला, २०१४ साली तो तेलंगणात आला आणि २०१६ साली त्याचेही चार जिल्हे झाले. नकाशावर रेषा ओढल्या गेल्या. सोयरिकी मात्र पूर्वीसारख्याच होत राहिल्या. लेक किनवटला दिली जाते, सून वणीहून येते आणि मामेकुळी राजुऱ्यास निघते.

या सोयरिकींच्या मांडवात आता कॅमेरा हा मानकऱ्यांपैकीच एक झाला आहे. आमचा भाचा आदिलाबादेत फोटो स्टुडिओ चालवतो. लग्नसराईत लग्ने, पावसाळ्यानंतर कुंतालाच्या धबधब्यावर येणारी पर्यटक मंडळी, दिवाळीच्या सुमारास गोंड पाड्यांवरची दंडारी आणि पौष अमावास्येला केसलापूरची नागोबाची जत्रा, असे त्याचे वर्ष. छायाचित्रे आणि चित्रफिती यांच्या संपादनासाठी नवा संगणक सुटे भाग आणून जुळवावयाचा होता. त्या निमित्ताने आम्ही आठ दिवस तेथे राहिलो. जुळवणीत लक्षात आलेल्या गोष्टी आपल्या घराघरांत उपयोगी पडतील असे वाटल्यामुळे हा लेखनप्रपंच.

प्रथम काम पाहावे, मग यंत्र पाहावे. कुंतालाचे पाणी कडम नदीवर सुमारे ४५ मीटरांवरून कोसळते. डोळ्यांना तो शुभ्र पडदा दिसतो, पण संगणकाच्या दृष्टीने ते मोठे संकट असते. आजचे कॅमेरे प्रत्येक चित्र पूर्ण साठवीत नाहीत. अधूनमधून एक चित्र पूर्ण आणि मधल्या चित्रांत काय बदलले एवढीच नोंद, अशी काटकसर ते करतात. संपादकाने मधल्या एखाद्या चित्रावर बोट ठेवले की संगणकाला आजूबाजूची चित्रे उलगडून ते नव्याने बांधावे लागते. कोसळत्या पाण्यात किंवा गुस्साडी नर्तकांच्या मोरपिसांच्या टोपात तर प्रत्येक ठिपका क्षणोक्षणी बदलतो. म्हणून प्रोसेसर निवडताना नुसता वेग न पाहता, आपल्या कॅमेऱ्याचे चित्रण त्याला उलगडता येते काय, हे पाहणे अगत्याचे. अनेक नवे कॅमेरे एच.२६५ पद्धतीने, दहा बिटांच्या ४:२:२ रंगांत चित्रण करतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्स ते उलगडू शकते. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय २०२५ च्या ५० मालिकेपासून आली. दुकानदार स्वस्त म्हणून ‘एफ’ अक्षराचा इंटेल प्रोसेसर पुढे करतो, पण त्या अक्षराचा अर्थच अंगभूत ग्राफिक्स नाही असा होतो. चार पैसे वाचतात आणि नेमकी कामाची गोष्ट हातची जाते. जुन्या यंत्रावरच भागवावयाचे असेल, तर चित्रणाच्या हलक्या प्रती, ज्यांना प्रॉक्सी म्हणतात, करून त्यांवर काम करावे आणि शेवटी मूळ चित्रण जोडावे; वेळ लागतो, पण काम अडत नाही.

भाच्याचे मन मात्र ग्राफिक्स कार्डावर जडले होते. “मामा, नागोबाची पूजा रात्रीची असते. अंधारातल्या चित्रात दाणे येतात. ते काढायला कार्ड मोठंच हवं,” असे त्याचे म्हणणे, आणि त्यात तथ्य होते. मेस्राम कुळाची माणसे पायी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि मध्यरात्री महापूजा होते. तेथे झगझगीत दिवे लावणे शोभत नाही, आणि जे टिपावयाचे तेही वडीलधाऱ्यांच्या अनुमतीनेच. अशा मंद प्रकाशातील चित्र स्वच्छ करण्याचे काम ग्राफिक्स कार्डच करते. पण वर्षातून अशा रात्री किती? लग्नाच्या छायाचित्रांना मोठ्या कार्डापेक्षा पुरेशी रॅम आणि रंगाशी इमान राखणारा मॉनिटर अधिक उपयोगी. हळदीचा पिवळा रंग आणि शालूचा लाल रंग पडद्यावर खोटा दिसला, तर छपाईतही तो खोटाच उतरतो. म्हणून एसआरजीबी रंग पूर्णपणे दाखवणारा आयपीएस मॉनिटर घ्यावा आणि त्याचे रंग उपकरणाने तपासून घ्यावेत, असे ठरले. रॅम ३२ जीबी घेतली, तीही दोनच पट्ट्यांत, म्हणजे पुढे वाढवावयास दोन खाचा मोकळ्या राहतील. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भराभर चढल्यामुळे हा विचार विशेषच करावा लागला.

आता आदिलाबादच्या हवेकडे वळू. थंडीत तेलंगणातील सर्वांत गार ठिकाणांत या जिल्ह्याची गणना होते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. संगणकाच्या जाहिरातीतील तापमाने गारव्यातील खोलीची असतात. पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा ५० अंशांनी अधिक तापमानावर रोखून धरत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत तो ७५ अंशांवर राहील. ४२ अंशांच्या खोलीत मात्र ९२ वर जाईल. तेथे यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी मंद होते. म्हणजे सर्वांत महाग प्रोसेसर घेऊन उन्हाळ्यात तो मधल्या प्रतीच्या वेगाने चालवावयाचा! त्यापेक्षा मधल्या प्रतीचा प्रोसेसर, त्यावर मोठा हवेचा कूलर आणि पुढून हवा खेचणारे ऐसपैस कॅबिनेट, हे शहाणपणाचे. येथे कापसाच्या हंगामात बारीक तंतू आणि धूळ हवेत तरंगत असतात. म्हणून कॅबिनेटला काढून झटकता येईल अशी जाळी हवी. एसएमपीएस नामवंत कंपनीचे हवे आणि विजेच्या चढउतारासाठी यूपीएस हवाच. संपादन चालू असता वीज गेली तर दिवसभराचे काम पाण्यात जाते, आणि कधी कधी डिस्कही.

खरेदीसाठी दोन वाटा होत्या: उत्तरेस सुमारे २०० किलोमीटरांवर नागपूरची सीताबर्डी, दक्षिणेस सुमारे ३०० किलोमीटरांवर सिकंदराबादच्या पार्कलेनवरील चिनॉय ट्रेड सेंटर. भावात थोडेफार अंतर असतेच. पण भाग बिघडला तर तो घेऊन कोठे जावे लागेल, हा प्रश्न भावाआधी विचारावा. ज्या कंपनीचे सेवाकेंद्र नागपुरास आहे, तिचा भाग आदिलाबादकरास सोयीचा. पावत्या एका लखोट्यात घालून कॅबिनेटमागेच चिकटवाव्यात.

शेवटी राहिला साठवणीचा प्रश्न, आणि खरे सांगावयाचे तर तोच पहिला. ४-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या गतीने होत असेल तर तासाला ४५ जीबी भरतात. दोन कॅमेरे, सहा तास, म्हणजे एका लग्नाचे ५४० जीबी. हंगामात वीस लग्ने झाली तर जवळजवळ ११ टीबी! काम करावयास वेगवान एनव्हीएमई एसएसडी उत्तम. पण कायमच्या ठेवीसाठी ती योग्य नव्हे, कारण वीज न मिळता उन्हाळ्याच्या उष्णतेत वर्षानुवर्षे पडून राहिली तर तिच्यातील नोंदी विरू शकतात. ठेवीला मोठ्या हार्डडिस्काच घ्याव्यात आणि वर्षातून एकदा तरी चालवून पाहाव्यात. जाणकारांचा नियम असा की प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी.

हा नियम आम्ही भाच्याला सांगितला तेव्हा त्याने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तीत पणजोबांच्या काळची छायाचित्रे होती, आणि त्याच्या आईच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी. कॅसेटींवर बुरशीचे पांढरे ठिपके उमटले होते. व्हीसीआर बनविणारी जगातील अखेरची कंपनी म्हणून ओळखली गेलेली जपानची फुनाई हिने जुलै २०१६ मध्ये ते उत्पादन थांबविले. चालू स्थितीतले यंत्र आज शोधूनच काढावे लागते. पेटी पाहून झाल्यावर भाचा काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “कार्ड एक पायरी खालचं घेऊ, मामा. दोन डिस्का आणि स्कॅनर त्यात बसतील.”

या भूमीत ही निवड आम्हांस केवळ घरगुती वाटली नाही. १९४० च्या दशकात क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ मारलवाईच्या गोंडांत येऊन राहिले; त्यांनी काढलेली छायाचित्रे आज लंडनच्या सोआस या संस्थेच्या संग्रहात आहेत. मारलवाईच्याच गुस्साडी नर्तक कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, आणि २०२४ साली ते निवर्तले. यापुढे त्यांची पावले पाहावयाची ती चित्रफितींतूनच. नारनूर मंडलातील गुंजाळा गावी मिळालेल्या हस्तलिखितांची गोंडी लिपी २०१८ साली युनिकोडमध्ये आली, ती त्या गावाने कागद जपून ठेवला म्हणून. कुळांच्या, गावांच्या आठवणी अशाच कोणाच्या तरी घरी टिकत असतात.

आठव्या दिवशी यंत्र सुरू झाले आणि पेटीतील पहिले छायाचित्र ६०० डीपीआयवर उमटले: एदलाबादच्या घरापुढे फेट्यातले पणजोबा आणि शेजारी नऊवारीतली पणजी. त्याच्या तीन प्रती झाल्या. एक संगणकात, एक कपाटातील डिस्कवर, आणि तिसरी आगगाडीने किनवटला, भाच्याच्या आत्याबाईंकडे. घरच्या लेकीप्रमाणे घरच्या आठवणींनाही सीमेपलीकडे एक आपले घर असावे.