मळलेल्या वाटेचा भरवसा

हिवाळ्यात गुलमर्गला शिकायला पुण्या-मुंबईहून जी मुलं येतात, ती बहुतेक सह्याद्रीत तयार झालेली असतात. पाय पक्के, दम भरपूर. मळलेली वाट सापडली की सुटलो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. अफरवटच्या डोंगरावर गोंडोलातून, म्हणजे रोपवेतून, उतरताच समोरच्या उतारावर कुणाच्या तरी स्कीच्या रेघा दिसतात आणि चेहरे खुलतात. कुणीतरी गेलंय, म्हणजे जाता येतं! पहिली मोडायची खोड ती हीच. बर्फात पाच जण सुखरूप उतरतात आणि सहाव्याच्या वजनानं अख्खा उतार सुटतो. खालचा कच्चा थर सगळीकडे सारख्या खोलीवर नसतो. खडकाजवळ, धारेच्या कडेला वरचा बर्फ पातळ असतो, तिथे आपलं वजन त्याच्यापर्यंत सहज पोहोचतं.

हा कच्चा थर तयार होतो तो छान, निरभ्र हवेत. नवख्यांना हे पटतच नाही. चिल्लई कलानच्या, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांत आभाळ मोकळं असलं की रात्री बर्फाचा पृष्ठभाग कडाक्याचा गारठतो. जमिनीलगतचा बर्फ मात्र शून्य अंशाच्या आसपासच राहतो. बर्फाचा एकूण थर उथळ असेल तर दर १० सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडतो, खालची वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण एकमेकांना सोडून टोकदार, सुटे होतात. मुठीत घ्या, जाड साखरेसारखे गळून जातात. गोळा वळत नाही. मग पश्चिमी झंझावात येतो, त्यावर दीड-दोन फूट ताजा बर्फ टाकतो, वारा तो दाबून त्याची घट्ट पाटी करतो. उतार ३० ते ४५ अंशांचा असला की आता फक्त कुणीतरी तिथे पाय ठेवायचं बाकी असतं. हिमस्खलन वरून आपोआप कोसळतं ही समजूत सिनेमातली. हौसेनं डोंगरात गेलेले जे त्यात सापडतात, त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत ते त्यांनी स्वतः किंवा सोबत्यानं सोडवलेलं असतं.

म्हणून खड्डा खणायचा. उताराकडे तोंड करून भिंत साफ तासायची, वरपासून खालपर्यंत बोटं दाबत न्यायची. वर चार बोटं जातात, मग एकच, मग पेन्सिलीचं टोकही जेमतेम; आणि त्याखाली अचानक अख्खी मूठ आत शिरते. तिथेच थांबायचं. मग ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब कापायचा, त्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० थापा मारायच्या. कधी बाराव्या थापेलाच वरचा ठोकळा सपाट सुटून माझ्या मांडीवर येतो. त्यानंतर समजावून सांगावं लागत नाही.

पंचाईत होते ती खांब सुटत नाही तेव्हा. ‘मग जाऊ ना सर?’ माझ्या मते खड्डा फक्त नकार देण्यापुरताच कामाचा. होकार देण्याची त्याची ऐपत नाही, कारण तो एका जागेचा साक्षीदार आहे. दहा पावलांवर वेगळं असू शकतं. होकार मी मागतो कोनमापकाकडे. उतार ३० अंशांच्या आत आणि वर काही लटकत नसेल, तर जाऊ. फेब्रुवारी २०१० मध्ये इथेच खाली खिलनमर्गला लष्कराच्या उच्च पर्वतीय युद्ध प्रशालेचे १७ जवान हिमस्खलनात गेले. डोंगर हाच तर त्या प्रशालेचा रोजचा विषय.

बीकन (पुरल्या गेलेल्याची जागा सांगणारं छोटं यंत्र) सगळ्यांच्या अंगावर असतोच. पण लोक महागडा बीकन घेतात आणि फावडं प्लास्टिकचं! पुरल्या गेलेल्या माणसाला पहिल्या १० मिनिटांत काढलं तर तो बहुधा जगतो. अर्ध्या तासानं आशा फार थोडी उरते. बीकन जागा दाखवतो, वेळ खातं ते खणणं. सुटून थांबलेला बर्फ दगडासारखा आवळतो, प्लास्टिक त्यात वाकतं.

नकाराच्या दिवशी आम्ही फरच्या झाडांतल्या सौम्य उतारावर जातो. गोंडोलाचं तिकीट वाया गेलं म्हणून मुलं कुरकुरतात. गेलंच, पैसे काही परत मिळत नाहीत. दुपारी मी एक बीकन मीटरभर खाली पुरतो आणि शोधून, खणून काढायला लावतो, पुन्हा पुन्हा. चार वाजेपर्यंत खांदे असे भरून येतात की अफरवटचं नाव कुणी काढत नाही.