सेरंगून रस्त्यावरील रविवार

सिंगापूर पाहून आलेला प्रत्येक जण तेथील स्वच्छतेचे गोडवे गातो. आम्हीही पुतण्याकडे महिनाभर राहून आलो. तेथील बागा व आगगाड्या यांविषयी लिहावयाचे तर पाने अपुरी पडतील; परंतु आमच्या मनात घर करून राहिला तो एक रविवारच होय.

त्या दिवशी आम्ही 'लिटल इंडिया' या वस्तीत गेलो. सेरंगून रस्त्यावरील वीरमाकाळी अम्मनचे दर्शन घेऊन मागच्या बाजूस वळलो, तो हिरवळीवर शेकडो तरुण बसलेले. कोणी तामीळ, कोणी बंगाली. त्या नगरीतील उत्तुंग इमारती यांच्याच हातांनी उभ्या राहतात. एका तामीळ गवंड्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणे झाले. त्याचा मुलगा सात वर्षांचा. बापाने त्यास दोनदाच पाहिलेले! "मग बायकोमुलांस येथे का आणीत नाही?" असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारिले, तेव्हा तो नुसता हसला.

त्या हसण्याचा उलगडा पुतण्याने घरी केला. त्याच्यासारख्या पदवीधरास 'एम्प्लॉयमेंट पास' मिळतो; पगार ठराविक मर्यादेचा असला म्हणजे कुटुंबही आणता येते. मजुराच्या 'वर्क परमिट'वर ती सोय नाही. तेथील नागरिकाशी विवाह करावयाचा तरी सरकारची परवानगी हवी. मजुरांस मालमोटारीच्या हौद्यात बसवून नेण्यासही कायद्याची मुभा आहे. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा दाटीवाटीने राहणाऱ्या या मजुरांच्या वसतिगृहांतील जवळजवळ निम्म्या लोकांस तिने गाठले. पोटासाठी समुद्र ओलांडून दोघेही गेले. परंतु एक 'एक्स्पॅट' झाला, दुसरा 'फॉरेन वर्कर'!

आम्ही हळहळत होतो, इतक्यात पुतण्याकडील ब्रह्मदेशीय मोलकरीण चहा घेऊन आली. "हिला आज सुट्टी नाही का?" आम्ही विचारिले. पुतण्या किंचित ओशाळला. घरकामाच्या बायांस आठवड्याची सुट्टी देण्याचा नियम तेथे २०१३ पासून आहे. मात्र उभयतांच्या संमतीने तिच्याऐवजी पैसे देता येतात. महिन्यातून एक सुट्टी तरी पैशाने विकत घेता येऊ नये, असे २०२३ पासून ठरले. "तेवढी एक देतो, बाकीच्यांचे पैसे चुकवितो," तो म्हणाला.

आम्ही त्यास चार शब्द सुनावणार, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, "आपल्या घरी स्वयंपाकाच्या बाई गेली अकरा वर्षे येतात. त्यांचा रविवार कोणता?"

आम्ही मुकाट्याने चहा प्यालो.

परत आल्यापासून बाईंस रविवारी पूर्ण पगारी सुट्टी असते. पहिल्या रविवारी सुनांनी पोळ्या लाटल्या, भात आम्ही लाविला व तो करपला. घरातील मुलांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. परंतु पानात कोणी टाकला मात्र नाही.