वर्षाचा हिशेब

दर मे महिन्यात निकालपत्रके लिहून झाली की आम्ही डायरीत वर्षाचा हिशेब मांडतो. किती मुलांना 'ळ' म्हणता आला (उर्दूत तो नाहीच), आपण स्वतः काय शिकलो. २००९ साली नोकरीला लागलो, पुढे बी.एड. केले. वाटले, आता परीक्षा फक्त घ्यायच्या! १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, नाहीतर नोकरी जाईल. दीडशेपैकी नव्वद गुण. फज्रनंतर तासभर बालमानसशास्त्र वाचतो. राग येतोच, वर्गात घालवलेल्या वर्षांना त्या पेपरात गुण नाहीत. पण पियाजे पुन्हा वाचताना तिसरीतला एक अबोल मुलगा थोडा उमगला, तेही डायरीत लिहिले आहे. धाकटी विचारते, "अब्बा, तुम्हारा भी इम्तिहान?" तिने आपले काळे बॉलपेन आमच्यासाठी काढून ठेवले आहे.