नकाशात मुंबई फिकट का दिसली?

शिक्षक मित्रांनो, शीर्षक, दिशा, सूची आणि प्रमाण ही नकाशाची अंगे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मी महाराष्ट्राच्या लोकसंख्येचा जिल्हावार नकाशा केला, ही चारही अंगे दाखवली आणि वर्गात लावला. जिथे लोक जास्त, तिथे रंग गडद.

एका मुलीने विचारलं, "सर, मुंबईत नगरपेक्षा कमी गर्दी असते का हो?"

मी गडबडलोच. आकडे तर २०११ च्या जनगणनेचेच होते. नगर जिल्हा ४५ लाख, मुंबई शहर जिल्हा जेमतेम ३१ लाख. पण नगरचं क्षेत्रफळ १७,००० चौ. किमीहून जास्त, मुंबई शहराचं फक्त १५७! लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागलं आणि चित्रच उलटं झालं. दर चौ. किमीला नगरमध्ये सुमारे २६६ माणसं, मुंबई शहरात साडेएकोणीस हजारांवर.

म्हणून लक्षात ठेवा, रंगछटांच्या म्हणजे क्षेत्रघनी नकाशात घनता किंवा टक्केवारी दाखवा. एकूण संख्या दाखवायची असेल तर लहान-मोठी वर्तुळं काढा.

जुना नकाशा मी काढला नाही. दोन्ही शेजारी शेजारी लावलेत. चूक कुठे होती, ते आता मुलंच सांगतात.